सेंधव्याच्या घाटातले आठ टन रुपये

सातपुड्यातल्या भिल्लांच्या उठावाची गोष्ट आपल्याकडे दोनच प्रकारे सांगितली जाते. एक अशी, की खाज्या नाईक नावाचा बेफाम पुढारी होता, त्याने टोळी जमवली आणि १८५७ च्या नोव्हेंबरात सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिन्याच्या गाड्या अडवून सात लाख रुपये लुटले. दुसरीत पुढारी तोच, टोळी तीच, घाटही तोच, फक्त नावाआधी क्रांतिवीर लागतं. पहिली जुन्या सरकारी कागदांत वाचायला मिळते, दुसरी शिरपूर-शहाद्याकडे जयंतीच्या भाषणांत ऐकू येते. दोन्ही गोष्टी सगळं ओझं एकाच माणसाच्या खांद्यावर टाकतात. त्याची छाती मोठी, म्हणून लूट मोठी. हे सांगणं अर्धवट आहे आणि त्याचा तोटा खानदेश अजून भरतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. घाट लुटला जातो तो तिथल्या रखवालीचा करार मोडला म्हणून. नायकाचं धाडस त्यात सगळ्यात शेवटी येतं.

आधी त्या सात लाखांचं वजन करून पाहू. भाषणात आकडा सहज निघून जातो, घाटात तो कुणाला तरी उचलावा लागला होता. कंपनी सरकारचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. खजिना रोख रुपयांत होता असं धरलं, तर सात लाख रुपयांचं वजन होतं सुमारे ८,१६० किलो. आठ टनांच्या वर. दोन बैलांची गाडी सपाटीवर सहाशे किलो ओढत असली, तरी घाटात चारशे-साडेचारशेच्या वर घालून चालत नाही, बैल गुडघे टेकतात. म्हणजे नुसत्या रुपयांना अठरा ते वीस गाड्या लागल्या असणार. शिपायांचा शिधा, वैरण, तंबू यांच्या गाड्या वेगळ्या. बैलांसकट एक गाडी आणि मागच्या गाडीपर्यंतचं अंतर मिळून दहा मीटर धरा. दोनशे मीटरांहून लांब रांग झाली.

आता लुटणाऱ्याच्या बाजूने पाहू. गाड्या डोंगरात नेता येत नाहीत, पायवाटेवर चाक चालत नाही. माल माणसांनीच न्यायचा. हजार रुपयांची एक थैली साडेअकरा किलोंच्या वर भरते. खांद्यावर दोन थैल्या, म्हणजे तेवीस किलो, घेऊन अंधारात चढ चढणारा माणूस काटक हवा. सातशे थैल्यांना असे साडेतीनशे लोक लागतात. एक नायक आणि त्याचे वीस-पंचवीस साथीदार हे काम रात्रभरात करूच शकत नाहीत. त्यामागे पाड्यांमागून पाडे उभे असावे लागतात. थैल्या कुठल्या नाल्यात पुरायच्या, कुठल्या घरात ठेवायच्या, हे आधी ठरलेलं असावं लागतं. आणि पुढचे कित्येक महिने कुणी तोंड उघडायचं नाही, हेही. एवढी माणसं धाडसाच्या भुरळीने जमत नाहीत. त्यांच्या मनात काय साचलं होतं, हे विचारल्याशिवाय या घटनेचा अर्थ लागणार नाही.

घाटात गाड्या अडवणं वरून वाटतं तेवढं सोपं नव्हतं आणि तेवढं अवघडही नव्हतं. ते कसं चालायचं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. बैलगाडीचा तांडा दिवसाला पाच-सहा कोस चालतो. घाटाच्या पायथ्याला तो थांबतोच, बैलांना पाणी पाजायला आणि आखाला वंगण द्यायला. चढ फार खडा असेल तर एका गाडीला दुसरीचे बैल जोडून चार बैलांनी ती वर नेतात आणि बैल परत खाली आणतात. इथेच तांडा तुटतो. पाच गाड्या वर, सात मध्ये, बाकीच्या खाली. पहारा मात्र तेवढाच. शंभर शिपाई दोनशे मीटरांत पसरले तर दोन मीटरांवर एक उभा राहतो. रांग वळणांनी तुटून किलोमीटरभर लांबली की दोघांत दहा मीटर पडतात, आणि वळणापलीकडचा आपला माणूस दिसतही नाही. उताराला उलटा घोर. गाडी बैलांच्या अंगावर येते, म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधून ओढत नेतात, चाकाला आडणी लावतात. गाडीवानाचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष तिथेच. एखाद्या गाडीचा आख मोडला, चाकाची धाव निसटली, की मागच्या सगळ्या गाड्या जागेवर खिळतात, कारण बाजूने काढायला वाट नसते.

अडवणारा हेच हेरतो. पुढच्या वळणावर एक झाड आडवं पाडायचं, आणि शेवटची गाडी आत आली की मागेही तसंच. मग बैलांच्या जोत्या कापायच्या. बैल सुटले की गाडी म्हणजे लाकडाचा ढीग. माणसं मारण्याची गरज फारशी पडत नाही, कारण गाडीवान भाडेकरी असतो, खजिना त्याचा नसतो. त्याला आपले बैल वाचवायचे असतात. शिपायाच्या ठासणीच्या बंदुकीला एक बार काढून दुसरा भरायला वीस ते तीस सेकंद लागतात. भिल्लाच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची, ती पावसादवाने सैल पडत नाही. तेवढ्या वेळात वाकबगार हात तीन-चार बाण सोडतो. पल्ला मात्र बंदुकीचा जास्त. म्हणून मोकळ्या मैदानात भिल्लाची सरशी सहसा झाली नाही आणि वळणावळणाच्या रानात कवायती पलटणीची सहजासहजी झाली नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न बंदोबस्ताचाच झाला की. शिपाई वाढवा, घोडेस्वार पुढे धाडा, टेकड्यांवर आधी माणसं बसवा. इंग्रजांनी हेच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते खानदेशच्याच इतिहासात आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलूख उजाड पडला होता. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची पायमल्ली, पेंढाऱ्यांच्या धाडी, या सगळ्यांनी गावंच्या गावं ओस पाडली होती. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत भिल्लांना तहाला बोलावून कापून काढण्याचे प्रकार झाले, कोपरगावची कत्तल त्यातलीच. डोंगरातल्या नायकांचा कुठल्याच सरकारच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. इंग्रजांनी सातपुड्यात आणि सातमाळ्यात पलटणी घातल्या. पलटणी हिवतापाने झिजल्या. नायक पकडले, फासावर दिले, त्यांच्या जागी दुसरे उभे राहिले. सात वर्षं हेच चाललं.

आणि मग १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने धोरण बदललं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या, वायव्येला कुकरमुंडा, ईशान्येला धरणगाव, दक्षिणेला कन्नड. मागचे गुन्हे माफ केले, पडीक जमीन कसायला दिली, बैल आणि बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली. नायकांचे जुने हक्क तपासून त्यांना नेमणुका बांधून दिल्या. धरणगावला जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आले. दोन-तीन वर्षांत ती शेकड्यांत गेली. चाळीसगाव-कन्नड घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात तो याच माणसामुळे. ज्यांच्यापासून रस्ता राखायचा, त्यांच्याच हाती रस्ता दिला आणि त्यांना त्याचे पैसे दिले, एवढंच या धोरणाचं मर्म. औट्रमची नेमबाजी आणि वाघाच्या शिकारी यांची वर्णनं पुष्कळ झाली. तगाईच्या वहीकडे कुणी पाहत नाही.

खरं तर यात नवीन काहीच नव्हतं. इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून इथले रस्ते असेच राखले जात होते. सुरत-बुऱ्हाणपूर हा मुघल काळातला हमरस्ता. नवापूर, नंदुरबार, थाळनेरजवळ तापी, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर. तावेर्निएसारखे परदेशी व्यापारी याच वाटेने गेले. गावाची राखण भिल्ल जागल्याकडे होती. त्याला पिकातला वाटा मिळायचा, आणि त्या वाट्याबरोबर जबाबदारीही यायची. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला, की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावाने नुकसान भरून द्यायचं. घाटांचं तसंच होतं. घाटाचा नाईक ये-जा करणाऱ्या मालावर ठरलेला दस्तूर, म्हणजे वाटेचा आकार, घ्यायचा आणि त्याच्या हद्दीत माल गेला तर तोच जबाबदार. ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती. दस्तूर मनमानी वाढवला जायचा, व्यापारी कुरकुरायचे, आणि दस्तूर बुडवला तर राखणदारच लुटायला कमी करत नसे. पण हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. तांड्याच्या नायकाला माहीत असायचं की अमुक घाटात तमुक माणसाला एवढं दिलं, की रात्री निवांत झोपता येतं.

लमाणांचे तांडेही याच हिशेबावर चालत. हजारो बैलांचे तांडे असत, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात चौदा हजार बैलांचा तांडा पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या. रात्री त्याच गोण्या गोल रचून भिंत करायची, आत माणसं, बाहेर कुत्री. चौदा हजार बैलांना कुठली फौज पहारा देणार? त्यांची खरी रखवाली वाटेवरच्या लोकांशी बांधलेल्या जुन्या नात्यांत होती.

आता खाज्या नाईकाकडे पुन्हा येऊ. तो लुटारूंच्या टोळीत वाढलेला नव्हता. त्याचा बाप गुमान नाईक सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार होता. बापामागे ते काम मुलाकडे आलं. शिरपूर-सेंधवा रस्त्यावरची ये-जा सुखरूप ठेवणं हे त्याचं सरकारी काम होतं. घाटातली प्रत्येक पायवाट, प्रत्येक पाणवठा त्याला ठाऊक होता तो याच नोकरीमुळे. चोरीच्या संशयावरून पकडलेला एक माणूस त्याच्या मारहाणीत मेला, त्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तुरुंग भोगला, मुदतीआधी सुटला. १८५७ च्या गडबडीत सरकारला घाटाची काळजी पडली, तेव्हा त्याला परत कामावर घेतलं. पण तोवर मनं फाटली होती. तो भिल्लांचा दुसरा बंडखोर पुढारी भीमा नाईक याला जाऊन मिळाला, आणि जो रस्ता राखला तोच अडवला.

जयंतीच्या भाषणांत तुरुंगाचा भाग गाळला जातो, आणि मला हे पटत नाही. एक माणूस मेला होता. तोही बहुधा गरीबच असणार. तो भाग गाळून खाज्या नाईक मोठा होत नाही, उलट त्याची गोष्ट कळेनाशी होते. संशयिताला मारून कबूल करवणं ही त्या काळच्या पोलिसी कामाची सर्रास रीत होती. रीत सरकारची आणि शिक्षा नाईकाला, असं त्याच्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही. बापापासूनचं वतनासारखं काम एका निकालात गेलं, आणि वेळ आली तेव्हा त्याच्याच दारात सरकार परत आलं. साडेतीनशे खांदे जमायला हा अपमान पुरेसा होता का? एकट्या त्याचा नसेल. पण घाटाघाटातल्या छोट्या-मोठ्या रखवालदारांना आपलं काय होणार हे त्यात दिसलं असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ११ एप्रिल १८५८ ला भिल्ल आणि इंग्रज फौज यांच्यात आंबापाणीची लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना जागेवर गोळ्या घातल्या, बायकांना कैद करून नेलं. १८६० मध्ये खाज्या नाईकाचा विश्वासातल्या माणसाकडून घात झाला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला गेला आणि काळ्या पाण्यावर १८७६ मध्ये वारला.

ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते याच्यानंतर घडलं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. माळव्याची अफू, वऱ्हाड-खानदेशचा कापूस, सरकारी खजिना, सगळं रुळांवर चढलं. घाटाचं महत्त्व गेलं आणि त्याबरोबर घाट राखणाऱ्याचीही गरज संपली. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव केलं. लाकूड, मोहफूल, चराई यांवर सरकारचा शिक्का बसला. तगाईने दिलेली जमीन सावकाराच्या वहीतून हळूहळू दुसऱ्यांच्या नावावर गेली. दोन पिढ्यांपूर्वी ज्याला सरकारने मुद्दाम बोलावून जमीन दिली, त्याचा नातू तापीकाठच्या गुजर-पाटलांच्या शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, झाला. यातलं काहीही दरोडा म्हणून नोंदवलं गेलं नाही. सगळं स्टॅम्पपेपरवर झालं.

आणि मग चक्र कसं उलटं फिरलं ते शहाद्यात पाहा. १९७० च्या आसपास शहादा-तळोदा भागात मोठ्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या. पगारी राखणदार शेतं राखायचे, आणि कुणापासून? तर मजुरी न पुरल्याने शेतातली चार कणसं नेणाऱ्या भिल्लांपासून. शतकभरापूर्वी याच शेतांची राखण भिल्ल जागल्याकडे होती आणि पिकातला वाटा त्याचा हक्क होता. तोच वाटा आता चोरी ठरला. भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी १९७१-७२ पासून जे आंदोलन उभं केलं, त्यात गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला रीतसर मजुरी द्या, या मागण्यांबरोबर या सोसायट्यांच्या जुलमाविरुद्धचा आवाजही होता. महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. त्यामागे शहाद्याची धग होती, हे विसरून चालणार नाही.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. करार मोडला म्हणून वाटमारी करायची, याला अंत कुठे? गाडीवानाने काय केलं होतं? आक्षेप खरा आहे. वाटमारीत पहिला बुडतो तो भाड्याने आलेला गाडीवान. त्याची बैलजोडी गेली की घर बसलं. सरकारचा खजिना भरून निघतो, व्यापारी भाव वाढवून वसूल करतो, गाडीवानाला कुणी भरपाई देत नाही. म्हणून मी लुटीचं समर्थन करत नाही आणि कुणी करू नये. मी एवढंच म्हणतो, की लूट थांबवायची असेल तर ती कशाने थांबली होती हे पाहावं. सात वर्षं फाशीने थांबली नाही, ती १८२५ नंतर जमीन, तगाई आणि पगाराने थांबली. पुढची तीस वर्षं मधूनमधून चकमकी होत राहिल्या, पण मुलूख वसला, हाट भरू लागले.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं जुनं झालं, आता चौपदरी रस्ता आहे, कॅमेरे आहेत, टोलनाके आहेत. मग सेंधव्याजवळच्या बिजासन घाटाचाच विचार करू. आता तो मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यात येतो. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, शिरपूर, पळासनेर करत गाडी वर चढते. भरलेला मालट्रक चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येतो आणि ताशी दहा-पंधरा किलोमीटरनेच चालतो. बैलगाडीहून जास्त, पण धावत्या माणसाला गाठता येईल एवढाच. चालत्या गाडीवर मागून चढून ताडपत्री कापायला आणि चार पेट्या खाली ढकलायला एवढा वेग पुरतो. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. चढाला तो खाली उतरून किंवा मागे बसून माल पाहायचा, थांबला तर चाकाला दगड लावायचा. आता कितीतरी मालक क्लीनर ठेवत नाहीत, त्याचा पगार वाचवतात. वाचवलेला पगार म्हणजे काढून टाकलेला पहारा. कॅमेरा ताडपत्री कापणाऱ्याचं चित्र काढतो, त्याचा हात धरत नाही.

ज्यांना रोज या रस्त्याने माल न्यायचा आहे त्यांना उपाय ठाऊक आहेत. टायर आणि ब्रेक पायथ्याशी, उजेडातल्या पंपावर तपासायचे, घाटात थांबायची वेळ येऊ द्यायची नाही. रात्री मुक्काम करायचा तर चार गाड्या एकत्र, पाठीला पाठ लावून. ताडपत्रीवरून दोर आडवे-उभे दोन्ही घ्यायचे आणि शेवटची गाठ मागे न ठेवता केबिनच्या बाजूला आणायची. डिझेलच्या टाकीला कुलूप. एवढं करूनही रस्त्याकडेची गावं जर त्या रस्त्याकडे परक्याची वस्तू म्हणून पाहत असतील, तर रस्ता पूर्ण सुरक्षित होत नाही. टोल रस्त्याच्या किलोमीटरांवर आकारला जातो. त्यातला एक रुपयाही शेजारच्या पाड्याच्या रात्रपाळीला, दिव्याला, अपघातात पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पोरांना बांधून दिलेला नसतो. अपघात झाला की गाडीतला माणूस बाहेर काढायला आधी तेच येतात. पुढे माल गेल्याची तक्रार झाली की संशय घेऊन पोलीसही आधी त्यांच्याच दारात.

हा संशयसुद्धा वारशाने आलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची रीत पाडली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. हजेरीचं रजिस्टर गेलं, नजर राहिली. चोरी झाली की बातमीत वस्तीचं किंवा जातीचं नाव येतं, आरोपपत्र दाखल होण्याच्या आधी. ही सवय आपल्या खानदेशी वर्तमानपत्रांनीच सोडली पाहिजे. त्याला कुठला कायदा लागत नाही, उपसंपादकाची एक रेघ पुरते.

रानाच्या राखणीतही तेच दिसतं. सातपुड्यात जंगल राखायला रोजंदारीवर वनमजूर घेतले जातात. पगार उशिरा आणि काम हंगामी असलं, की सागाच्या तस्करापुढे तो किती दिवस उभा राहील? आणि राहिला तरी का राहावं? वनहक्क कायदा २००६ चा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना बांबू, तेंदू यांचं उत्पन्न त्यांच्या ग्रामसभेच्या खात्यात घेता येतं. जिथे रानातलं उत्पन्न गावाच्या खात्यात येतं तिथे रान राखायला वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही, कारण झाड तोडणाऱ्याची कुऱ्हाड थेट खात्यावर पडते. १८२५ च्या धोरणात जे शहाणपण होतं ते याच जातीचं. फरक एवढाच, की तेव्हा ते सरकारची मेहेरबानी म्हणून आलं आणि मेहेरबानी सरली तसं गेलं. आता ते हक्क म्हणून कागदावर आहे. सामूहिक हक्कांचे प्रलंबित दावे निकालात काढणं हे धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतलं सगळ्यात तातडीचं पोलिसी काम आहे, असं मी म्हणेन. पोलिसी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे.

स्मारकांचं आणि शाळेत काय शिकवायचं याचं म्हणाल, तर नुसता धनुष्यबाणाचा पुतळा उभारून भागणार नाही. पुतळा पुन्हा एकाच माणसाची छाती दाखवतो. शेजारी एक फलक हवा. गुमान नाईकाकडे कुठला रस्ता होता, घाटाचा दस्तूर कुणाकडून कसा घेतला जायचा, १८२५ मध्ये कुठल्या गावांत भिल्लांना किती जमीन दिली आणि तीच जमीन शंभर वर्षांनी कुणाच्या नावावर होती, हे त्यावर लिहिलेलं असावं. सातवी-आठवीच्या मुलांना हे कळतं. सात लाखांचं वजन काढायला सांगा, थैल्या किती, माणसं किती, हे त्यांचं त्यांनी काढू द्या. गणित आणि इतिहास दोन्ही एका तासात होतात, आणि साडेतीनशे लोक का जमले हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

कागद मिळणार नाहीत अशी सबब चालणार नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्यात पेशवे दफ्तर आहे, मुंबईच्या अभिलेखागारात कंपनीच्या काळातली दफ्तरं आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुनी फेरफार पुस्तकं आहेत. शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, चोपडा आणि यावल हे सहा तालुके घ्यावेत. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने पाच-पाच गावं वाटून घ्यावीत. प्रत्येक गावासाठी जुन्या भिल्ल जमिनीची नोंद, त्यानंतरचे फेरफार आणि आजचा सातबारा एका कागदावर मांडावा. सोबत गावातल्या जागल्याच्या घराण्याकडून त्यांच्या हद्दीच्या खुणा आणि मागाचे जुने तंटे तोंडी लिहून घ्यावेत, कारण ही माहिती सांगणारे लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. विद्यापीठाने या कामाला गुण द्यावेत, आणि तयार झालेली तीस गावांची वही त्या त्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.